आधी पत्ता वाचा

"बाबा, आज दादाकडे चला," मुलगी दारातूनच म्हणाली. "काल संध्याकाळी त्यानं तुमचं नाव काढलं."

पोस्टमनकाकांच्या तोंडात टाचण्या होत्या. दहाला वर्ग होता, चर्चमधल्या नव्या विश्वासणाऱ्यांचा पहिलाच धडा होता, आणि कापडी तक्ता अजून भिंतीवर चढायचा होता. शेवटची टाचणी टोचून झाल्यावर ते म्हणाले, "वर्ग झाल्यावर बघू."

मुलगा दोन महिने इस्पितळात होता. त्यातून तो उठायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी त्याच इस्पितळात नर्स. रात्रपाळी संपवून ती तशीच इकडे आली होती. एरवी या विषयावर ती बापाशी तासभर भांडली असती. आज नुसतं "बरं" म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. आली एकदाची वळणावर, असं काकांना वाटलं.

काकांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि गेली वीस वर्षं दर रविवारी चर्चच्या याच मागच्या खोलीत बायबल शिकवलं. नोकरी संपली, पण डोक्यातला पोस्टमन काही निवृत्त झाला नाही.

"पत्र हातात आलं की आधी काय वाचायचं?" त्यांनी वर्गाला विचारलं. "पत्ता. शेजाऱ्याच्या नावाचं पाकीट आपण फोडतो का? मग इस्राएलाला दिलेलं वचन आपल्या खिशात कशाला घालता?"

लोक हसले. दरवर्षी याच ठिकाणी हसत. मग काकांनी छडी घेतली आणि तक्त्यावरचे सात चौकोन दाखवले. देवानं माणसाशी सात काळांत सात रीतींनी व्यवहार केला. आधी निर्दोषपणाचा काळ, मग विवेकाचा, राजसत्तेचा, अभिवचनाचा, नियमशास्त्राचा. सहावा कृपेचा, त्यात आपण आहोत. सातवा प्रभूच्या हजार वर्षांच्या राज्याचा, तो यायचाय. प्रत्येक वचन आपापल्या चौकोनात ठेवायचं. शत्रूवर प्रीती करा, भांडण मिटवा असं सांगणारं येशूचं डोंगरावरचं प्रवचन काका सातव्यात ठेवत. येणाऱ्या राज्याचा तो कायदा, आज आपल्याला लागू नाही.

याच छडीच्या टोकावरून बापलेकांचं फाटलं होतं. अकरा वर्षांपूर्वी मुलगा भर वर्गात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, सगळं दुसऱ्याच्याच नावचं, तर आपल्या वाट्याला आलं काय?" तेव्हाही लोक हसले. ते हसू काकांच्या जिव्हारी लागलं. शिकवणीच्या आड येणाऱ्याशी संगत ठेवू नये, असा नियम त्यांनी बायबलातल्या पौलाच्या पत्रांतून शोधून काढला, आणि तो मात्र थेट आपल्याच पत्त्यावरचा निघाला. पोराला दार बंद झालं. पुढे त्याची सहा पत्रं आली, तीही काकांच्याच थैलीतून. सहाही पाकिटांवर काकांनी सुबक अक्षरात 'घेण्यास नकार' लिहिलं आणि ती परत टाकली. कामात कसूर म्हणून ठाऊक नव्हती त्यांना.

"काका, एक विचारू?" पहिल्या रांगेतली शिवणकाम करणारी बाई उठली. विश्वासात येऊन तिला महिनाही झाला नव्हता. "अर्पण घेऊन निघालात आणि कुणाचं आपल्याशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी ते मिटवून या, असं काल डोंगरावरच्या प्रवचनात वाचलं. ते कुणाच्या नावचं?"

"सातव्या चौकोनातलं," काकांची जीभ सवयीनं बोलून गेली.

"म्हणजे राज्य येईपर्यंत भांडण तसंच ठेवायचं? माझं जावेशी वाकडंय, म्हणून विचारते."

खोलीत हशा पिकला. बाई बिचारी गोंधळली; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. वाटलं, छडी टाकावी, आत्ताच्या आत्ता जावं. पण सातवा चौकोन समजावायचा राहिला होता. थैली रिकामी केल्याशिवाय ते उभ्या जन्मात कधी घरी गेले नव्हते. हजार वर्षांचं राज्य त्यांनी पंधरा मिनिटांत उरकलं, प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली, आणि तक्ता भिंतीवर तसाच सोडून ते मुलीपाशी आले.

"चल. काय बोलायचं ते बोलू दे त्याला. मी सांगेन, माझं चुकलं. त्यानं विचारलं ते खरं होतं, आणि मी त्याला हाकललं." बोलताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. "त्याला काही खायला चालतं का गं? वाटेत घेऊ काहीतरी."

मुलगी जागची उठली नाही.

"दादा पहाटे पाचला गेला, बाबा."

वर्गातली माणसं चपला घालून एकेक करून निघून गेली. कुणीतरी त्यांना नमस्कार केला, तो त्यांना दिसलाही नाही.

"मग आल्या आल्या सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही प्रेताला भेटायला धावत आला असता," ती म्हणाली. "मला बघायचं होतं, जिवंत लेकासाठी तुम्ही वर्ग अर्ध्यात सोडता का."