कचेरी आवरताना

“डोरीन, ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?” क्लिफर्ड नेहमीसारखा कुरकुरला. गांजावरची बंदी उठवायला आमच्या गटाला एकोणीस वर्षं लागली. काल मतदान जिंकलो, आज कचेरी आवरायला जमलो आणि आठवणीच काढत बसलो. डोरीनच्या नवऱ्यानं, वेंडेलनं, पहिल्या उन्हाळ्यात मतदान घेण्याच्या मागणी अर्जावर सह्या गोळा करायला किराणा दुकानाबाहेर टेबल मांडलं होतं. दिवसभरात अकरा सह्या मिळाल्या. त्यातल्याही सात बाद, कारण ती माणसं मतदारयादीतच नव्हती! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

“आज वेंडेल असता तर नाचला असता गं,” क्लिफर्ड म्हणाला.

डोरीननं हातातलं खोकं खाली ठेवलं.

“मेला नाहीये तो. तुरुंगात आहे, गांजापायीच. नवा कायदा जुन्या शिक्षांना लागू नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कुलूप लावायला निघालात.”