जशाच्या तशा

महिला तक्रार समितीच्या फोल्डरमध्ये अकरा फायली होत्या. सात अर्ज, तीन जबाब आणि चार मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण. साताऱ्याच्या सर्व्हरवर ते फोल्डर फक्त समितीच्या अध्यक्ष संयोगिताताईंना उघडता येत होतं.

साताऱ्याचा दूध संघ सांगलीच्या संघात विलीन होत होता. सगळा डेटा सांगलीच्या सर्व्हरवर न्यायचं काम साताऱ्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या चंदनाकडे होतं. ध्वनिमुद्रण नीट वाजतं का, हे पाहण्यापुरते तिने सहा सेकंद ऐकले. संकलन अधिकारी मानसिंगचा आवाज होता. तिने हेडफोन काढला आणि स्पिरिटने पुसला.

दुपारी तोच माणूस येऊन तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. दोन महिन्यांपूर्वी त्याची सांगलीला बदली झाली होती, तरी इथली ये-जा सुटली नव्हती.

"आवं मॅडम, झालं का न्हाई? एका दणक्यात कॉपी मारा की. आपल्या आपल्यात कसलं लपवायचं?"

"कुणी काय उघडायचं, त्या परवानग्या जशाच्या तशा जाणार."

"लय कडक हाय तुमी." त्याने तंबाखूचं बोट स्क्रीनवर ठेवलं. "ह्यात त्या राणीचं बी कायतरी हाय म्हनं."

तो गेल्यावर चंदनाने तो तपकिरी डाग दोनदा पुसला. तरी जेवणाचा डबा तिने तसाच घरी नेला.

राणी रहिमतपूरच्या संकलन केंद्रावर दुधाचं फॅट तपासायची. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, त्येला माझा अर्ज दिसायचा न्हाई न्हवं? दिसला तर गावात ऱ्हाता यायचं न्हाई मला."

"नाही दिसणार. इथे ज्याला दिसतं, तिथेही त्यालाच दिसेल."

नुसती कॉपी केली असती तर परवानग्या वाटेत गळाल्या असत्या. चंदनाने प्रत्येक फाईल तिच्या परवानगीसह आणि मालकाच्या वापरकर्ता-क्रमांकासह हलवली. दोन्हीकडच्या याद्या ओळ न् ओळ ताडून पाहिल्या. फरक शून्य.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती सांगलीला पोचली. तिथला सर्व्हर सम्मेद सांभाळायचा. त्याने यादी खालपर्यंत वाचली.

"झकास. आमच्या पोरांना असलं जमत न्हाई." मग तो थांबला. "क्रमांक पण साताऱ्याचेच ठेवलेस?"

"जशाच्या तशा म्हटलं होतं ना आदेशात. संयोगिताताई एक हजार सात."

"अगं, सर्व्हरला नाव कुठं कळतंय? त्याला नुसता नंबर कळतो. हजार सात आम्ही इथं आधीच दिलाय."

"कुणाला?"

त्या सकाळी फोल्डरमधल्या फायली कुणी उघडल्या, ती नोंद काढून सम्मेदने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

वापरकर्ता १००७, मानसिंग. सकाळी ९.१२ ते ९.४०. अर्ज सात, जबाब तीन, प्रत्येकी एकदा. ध्वनिमुद्रण चार वेळा.