आहिनच्या अंगातला देव

“तोंड सोड, डोळे पकड,” लान म्हणाली. “तिथेच सापडेल तो.”

उतिननं मोठी लेन्स येणाऱ्या पालखीवर रोखली. आक्योंग दुकानाच्या पायरीवर चढून दुसऱ्या अंगानं टिपत होता. तिघं मित्र दर वर्षी इंडोनेशियातल्या सिंगकावांगच्या या मिरवणुकीचे फोटो काढायचे, पण यंदा लाननं बजावलं होतं, फोटो नकोत, पुरावा हवा. झांजांनी कान किटले होते. उदबत्त्यांच्या धुरातून एकामागून एक तातुंग पालखीत बसून येत होते. ज्याच्या अंगात देव येतो तो तातुंग. त्यात या खेपेला लानचा धाकटा भाऊ आहिन होता, आणि लानचा त्याच्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

बाप नावाजलेला तातुंग. तो गेला आणि आईनं अन्नच टाकलं. मग एका सकाळी देवळात आहिन घुमायला लागला. देवाच्या आवाजात आईला म्हणाला, तुझा माणूस इकडे सुखात आहे, तू जेव. आई घरी येऊन पोटभर जेवली. सगळ्या गल्लीनं हात जोडले, लानचं मात्र डोकं फिरलं. बरा नेमका वेळेवर देव आला याच्या अंगात! मेलेल्या बापाच्या नावानं थापा मारतो म्हणजे काय? आज त्याला रंगेहाथ पकडायचं आणि तो फोटो आईपुढे धरायचा, असं तिनं ठरवलंच होतं.

पालखी जवळ आली. आहिनच्या दोन्ही गालांतून लांब सळई आरपार गेली होती. अनवाणी पावलं तलवारींच्या धारेवर टेकलेली. डोळे ताठ समोर, कुणाकडेच न बघणारे. दोन पावलांवर आई उदबत्त्या कपाळाला लावून पुटपुटत होती.

“पापणीसुद्धा हलत नाही गं,” आक्योंग म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “खरंच आलाय.”

“सराव केला असेल आरशापुढे. उतिन, खाली घे. पाय घे त्याचे.”

उतिननं पाय टिपले आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. लाननं फोटो मोठा केला. दोन्ही पायांची बोटं गच्च आवळलेली होती, नखं पांढरी पडली होती. लहानपणी दवाखान्यात सुई टोचून घेताना तो असाच तिच्या मांडीवर बसायचा. चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि बोटं आवळून घ्यायचा. डॉक्टरला वाटायचं, पोरगं काय धीट आहे.

सापडला! देवबिव काही नव्हतं. लानचा संशय अक्षर न् अक्षर खरा निघाला होता. ती पुन्हा पालखीकडे बघायला लागली. देव आला नव्हता, म्हणजे ती सळई आहिनच्याच गालांतून गेली होती.

“काय निघालं?” उतिननं विचारलं.

ते ऐकून आईही वळली. “देव दिसला का गं फोटोत?”

लाननं कॅमेऱ्याचा पडदा छातीशी उलटा धरला. “दिसला, आई.”

तेवढ्यात भोयांना जोर चढला. देव अंगात असला की पालखीला झोके द्यायचे, जितके दणकून तितका देव खूश. गर्दी ओरडू लागली, पालखी गदागदा हलू लागली. लाननं कॅमेरा उतिनच्या हातात कोंबला, गर्दीत घुसली आणि पालखीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

“हळू चला,” ती म्हणाली.

पुढचा भोई हसला. “अगं, देवाला झोके आवडतात.”

“आमच्या देवाला नाही आवडत,” लान म्हणाली आणि तिनं दांडा सोडला नाही.