अंगठेबहाद्दर

कंपनीच्या पेजवर पोस्ट पडायचा अवकाश, लाइकचा पहिला अंगठा ठरलेल्या एकाच खात्याचा. फोटो नाही, धड नाव नाही, कधी एका शब्दाची कमेंट नाही.

"कोण हा अंगठेबहाद्दर?" मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं. "इतकं रिकामं कोण असतं? मशीनच असणार. आपले आकडे बिघडवतंय. ब्लॉक करून काढून टाक."

सगळे हसले. पोस्ट लिहिणारी मुलगीही हसली, आणि मान वर न करता तिने ते खातं काढून टाकलं.

संध्याकाळी तिला घरून फोन आला.

"बाळा, तुझ्या ऑफिसचं आज काहीच दिसेना गं. मला मेलीला वाचता कुठे येतं, पण ते आलं की कळायचं, लेक कामावर पोचली, बरी आहे." आईने विचारलं, "काढून टाकलं का गं तुला?"