तिकडचं बिऱ्हाड

रुद्र आल्यापासून नुसता तिकडचंच सांगत होता आणि समोर बसलेल्या मुलीला एक शब्द विचारत नव्हता. कुसाबाईंना हे मुळीच आवडलं नव्हतं. मुलगी बघायला बसलेत की जर्मनीची जाहिरात चाललीय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण चहा व्हायचा होता, म्हणून त्यांनी ते गिळलं.

नाशकात, गंगापूर रोडला, संतोषच्या फ्लॅटमध्ये सगळे जमले होते. संतोषची मुलगी तेजस्विनी दिवाणावर बसली होती आणि कुसाबाई तिला खेटून. समोर सोफ्यावर रुद्र आणि त्याची आई. रविवारी रुद्रचं विमान होतं. त्याआधी आजच कुंकू लावून लग्न पक्कं करायचं, असं दोन्हीकडून ठरल्यातच जमा होतं. अडलं होतं ते कुसाबाईंच्या होकारावर. दुसरीत शाळा सुटलेली ही बाई सकाळीच सायखेड्याहून आली होती, आणि तिने मान हलवल्याशिवाय घरात आजवर कुणाचं लग्न ठरलं नव्हतं. त्यामुळे संतोष दर वाक्याला त्यांच्याकडे बघत होता. चहाचा पहिला कपही त्यांनाच मिळाला.

मघाशी त्या आत ओट्याशी जाऊन आल्या होत्या. तेजस्विनी पोह्यांवर खोबरं भुरभुरत होती. विंचूरच्या एका वाइनच्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळते. तिने तपासून हो म्हटल्याशिवाय द्राक्षाचा रस पुढच्या टाकीत जात नाही. नोकरी सोडणार का, असं कुसाबाईंनी सरळच विचारलं. असं स्थळ पुन्हा येणार नाही असं बाबा म्हणतात, एवढंच ती म्हणाली.

"बापाचं नाय इचारलं."

तेजस्विनी खोबरं भुरभुरतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मला नाही सोडायची, आजी. पण आता मी नाही म्हटलं तर बाबांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"मग तू बोलूच नको," कुसाबाई म्हणाल्या आणि बाहेर येऊन तिच्यासाठी शेजारची जागा धरून बसल्या.

बाहेर रुद्रचं चालूच होतं. गाड्यांच्या कंपनीत संगणकाचं काम. पगार उत्तम, रस्ते आरशासारखे. रविवारी सगळी दुकानं बंद. रविवारी घरात भिंतीला खिळा ठोकला तरी शेजारी येऊन दार वाजवतो. संतोष कौतुकाने मान डोलवत होता.

"सैपाक कोण करतं?" कुसाबाईंनी विचारलं.

रुद्र हसला. "ब्रेड असतो, आजी. भाजणी, चटण्या आई पाठवते."

"कपडे?"

"मशीन आहे."

"अन् वाळत कोण घालतं, मशीनच?"

त्याच्या आईने घाईघाईने चिवड्याची बशी पुढे सरकवली. कुसाबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. ती बांगड्या मागेपुढे करत बसली.

रुद्रचं हसू विरलं. मग तो वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. थंडीत चारलाच अंधार पडतो, म्हणाला. ऑफिसातले लोक चांगले आहेत, पण काम संपलं की कुणी कुणाचं नसतं. मागच्या थंडीत तापाने पडून होतो, तर पाणी द्यायला माणूस नव्हतं. आईला कळू नये म्हणून फोनचा कॅमेरा बंद ठेवून बोलायचो. कधी कधी दिवसभरात मराठी सोडाच, तोंडातून आवाजच निघालेला नसतो.

"संध्याकाळी दार उघडल्यावर आत दिवा लागलेला असावा," तो म्हणाला, "एवढंच वाटतं."

संतोषच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. संतोषने तिला खूण केली, तशी ती उठली आणि कुंकवाचं ताट आणून कुसाबाईंसमोर टीपॉयवर ठेवलं. तेजस्विनीचे हात मांडीवर घट्ट आवळले गेले होते. कुसाबाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"दिवा लावायला बटन असतं," कुसाबाई म्हणाल्या. "ही तिकडं येऊन काय करणार?"

"सुरुवातीला घरीच. भाषा शिकेल. मग बघू."

"अन् इथं काय करते ती?"

रुद्रने आईकडे पाहिलं. "नोकरी. कंपनीत."

"कसल्या कंपनीत?"

त्याने पुन्हा आईकडे पाहिलं. तेजस्विनीने तोंड उघडलं, पण कुसाबाईंनी तिचा हात दाबला.

"तू नको सांगू. त्याला इचारलंय."

"विंचूरला... द्राक्षांचं काहीतरी," रुद्र म्हणाला. "नीट बोलणं झालं नाही अजून. लग्नानंतर कळेलच की."

संतोष कसंनुसं हसला. मुलांचं आपापसात होईल हळूहळू, उगाच वेळ नको घालवायला, असं म्हणत त्याने ताट कुसाबाईंकडे आणखी थोडं सरकवलं. कुसाबाईंनी करंडा उचलला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या बोटांवर होते. त्यांनी करंड्याचं झाकण घट्ट बसवलं, तो ताटात ठेवला आणि ताट संतोषच्या बायकोच्या हातात परत दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि रुद्रसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. नातू माझा असला म्हणून काय झालं, ही पोरगी मी तुझ्यासाठी मागणार नाय. घरी चल, आधी भाकरी थापायला शिक."