उरलेली फाइल

"त्यांचा आवाज ऑफिसात कुठे असेल का हो मॅडम?" वाघचौऱ्यांच्या बायकोने पिशवी मांडीवर घेत विचारलं. "लिफ्टच्या खड्ड्यात पडले तेव्हा फोनही त्यांच्याबरोबरच गेला. घरात फोटो आहेत, पण आवाज नाही."

केतकीने समोरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. वाघचौऱ्यांना लिहायचा भारी कंटाळा. लिफ्ट दुरुस्त झाली की कामाचा अहवाल ते फोनवर बोलूनच पाठवायचे. नऊ वर्षांचं ते बोलणं कंपनीच्या क्लाउडवर होतं, मागच्या सोमवारपर्यंत. तिथली जागा सारखी भरायची, म्हणून केतकीनेच एक प्रोग्राम लिहिला होता. तो दर तासाला जागा मोजायचा आणि नव्वद टक्क्यांच्या वर गेली की जुन्या, मोठ्या फायली कायमच्या पुसून टाकायचा. पहिल्याच दिवशी तो बिनचूक चालला, म्हणून तिने सगळ्यांना चहा पाजला होता. फायली कोणाच्या होत्या, हे बघायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तरी तिने वाघचौऱ्यांचं फोल्डर उघडलं. आत एकच फाइल उरली होती, नऊ वर्षांपूर्वीच्या अगदी पहिल्या दिवसाची, चार सेकंदांची. इतकी लहान, की प्रोग्रामने तिला हातही लावला नव्हता. केतकीने ती सुरू केली.

"हॅलो... हॅलो, आवाज येतोय का?"

बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि स्क्रीनकडे झुकून हळूच म्हणाल्या, "येतोय हो. बोला ना."