एका विकलेहून कमी

दमयंतीबाईंची लेक शर्वरी यानातून कायमची दूरच्या ताऱ्याकडे निघाली होती. यानाचं भलंमोठं शीड वेधशाळेच्या दुर्बिणीतून दिसे, म्हणून बाई रोज संध्याकाळी तिथे येत. आधी निरीक्षक तळवलकर त्याची दिसणारी रुंदी कलांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, मोजत. ते दूर गेलं, तशी कलेचा साठावा भाग असलेल्या विकलांत मोजू लागले.

"आज विकलाही भरत नाही," तळवलकर म्हणाले. "शून्य पूर्णांक आठ."

"त्याहून लहान माप असेल ना?"

"आहे. मिलिविकला. एका विकलेत हजार."

"मग त्यात सांगा."

"आठशे."

"आठशे म्हणजे अजून पुष्कळ आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "उद्याही ह्याच मापात सांगा हं."

उद्या आकडा आणखी उतरेल, हे तळवलकर बोलले नाहीत. त्यांनी नुसती खुर्ची दुर्बिणीजवळ सरकवली.